केझीच्या सुंदर वह्या

३० ऑगस्ट

ग्लेना म्हणाली, "मुलीला वह्या आणल्यास, तशी स्वतःलाही एक आण. रोज नको, मनात येईल तेव्हा लिही." म्हणून हे.

ग्लेना सांगते ते मी ऐकते. ती आधी शाळेत चौथीला शिकवायची. मुलं झाल्यावर नोकरी सोडली आणि त्यांना घरीच शिकवलं. आता आमच्या खोऱ्यात घरी शिकणाऱ्या निम्म्या मुलांची जूनमधली तपासणी तीच करते. वर्षाचं काम बघते, मुलाशी बोलते, प्रगती आहे असं लिहून सही करते. तो कागद जिल्हा कार्यालयात दिला की पुढच्या वर्षी कोणी आपल्या दारात येत नाही.

केझीला मी मार्चमध्येच शाळेतून काढलं. तिसरीत होती. बाईंनी तिला वाचनाच्या 'कासव' गटात टाकलं होतं आणि बाकावर कासवाचं चित्रही चिकटवलं होतं. ते मी सगळ्या वर्गासमोर नखानं खरवडून काढलं आणि पोरीला घेऊन घरी आले. रॉइस म्हणाला, "अगं, निदान वर्ष तरी पुरं होऊ द्यायचं होतंस." दुधाचा टँकर चालवणाऱ्या माझ्या नवऱ्याला ठरलेल्या रस्त्याबाहेरचं काही सुचत नाही.

आज चार वह्या आणल्या. पक्षी, नद्या आणि डोंगर, आपल्या राज्याचा इतिहास, बायबलातल्या गोष्टी. प्रत्येक पान वर कोरं, खाली रेघा. मी मोठ्यानं वाचायचं, केझीनं ऐकायचं, पुस्तक मिटायचं, मग तिनं आपल्या शब्दांत सांगायचं, लिहायचं आणि वर चित्र काढायचं. गाळलेल्या जागा भरा नाही, गुण नाहीत, कासवं नाहीत. जे असं लिहिलं ते मूल विसरत नाही, असं ग्लेना म्हणते.

वह्यांवर नावं मी घातली. सुपरमार्केटच्या बेकरीत इतकी वर्षं केकवर नावं घातली आहेत, हात अजून वळतो. केझी शेजारी उभी राहून बघत होती. म्हणाली, "आई, ही तर दुकानातली वाटतात."

७ सप्टेंबर

पहिलं पान, निळा बगळा. मी वाचलं. मग केझीनं असं सांगितलं की मी बघतच राहिले. "तो पाण्यात उभा राहतो ना, तेव्हा नदीला वाटतं ही काठीच आहे. मासेसुद्धा त्याच्या पायांना घसटून जातात." अशा मुलीला कासव म्हणतात!

मग लिहायला बसली आणि सकाळ तिथेच संपली. दोन ओळी झाल्या. अर्धी अक्षरं उलटी, 'नदी' हा शब्द दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी. तिनं ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पान फाडून टाकलं. "हे बाळाचं दिसतंय," म्हणाली आणि रडली.

मला बघवेना. म्हटलं, "तू सांग, मी लिहिते." मी पेन्सिलीनं फिकट लिहिलं, तिनं वरून शाईनं गिरवलं. ग्लेनाला फोन करून विचारून घेतलं. ती म्हणाली, "सुरुवातीला चालतं की. फक्त वाक्यं तिचीच राहू देत. आणि रोज एक तरी ओळ तिच्या हातची असू दे, वाकडी असली तरी."

३० सप्टेंबर

वह्या छान भरत चालल्या आहेत. गिरवताना केझीचा हात थरथरतो, शाई रेघेबाहेर जाते, मग मी ते पान नव्यानं करते. एक पान खराब झालं की पुढच्याचा उत्साह जातो, हे मी केकांवर शिकले आहे.

बगळ्याचं पानही पुन्हा केलं. नदीला काठी वाटते वगैरे काढून 'बगळा अत्यंत स्थिर उभा राहतो' असं लिहिलं. जूनमध्ये परक्या माणसांनी बघायचं आहे, नेमकं असलेलं बरं. केझीनं पान पाहिलं. "छान आहे," म्हणाली आणि मांजरीला शोधायला गेली.

तिच्या हातची एक ओळ कधी होते, कधी राहून जाते.

२१ ऑक्टोबर

आज चर्चच्या तळघरात घरी शिकणाऱ्या मुलांचा मेळावा होता. टेबलांवर सगळ्यांच्या वह्या मांडल्या होत्या. आमच्या टेबलाशी गर्दी! एक बाई म्हणाली, "नऊ वर्षांच्या मुलीचं अक्षर? माझ्या नवऱ्यालासुद्धा असं येत नाही." दुसरीनं फोटो काढले. मी प्रत्येकीला चारी वह्या पहिल्या पानापासून दाखवल्या.

केझी मात्र स्वच्छतागृहात जाऊन बसली ती बाहेरच येईना. लाजरी आहे.

ग्लेनानं वह्या सावकाश चाळल्या. निघताना म्हणाली, "नोरीन, एक दिवस केझीला माझ्याकडे पाठव ना. माझ्यासमोर थोडं वाचू दे तिला."

म्हटलं, "जूनमध्ये वाचेलच की."

"जूनपर्यंत थांबायचं कशाला?"

"तपासणीची एवढी हौस तुला!" मी हसून म्हटलं. तीही हसली, पण नेहमीसारखी नाही. तिच्या मुलांच्या वह्या आमच्या शेजारीच होत्या. खाडाखोड, शाईचे डाग, एका पानावर तर जॅम. थोडं लागणारच कुणालाही.

२९ नोव्हेंबर

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. शाळांना सुट्टी, दुकानं ओस. रॉइस केझीला घेऊन पहाटेच डोंगरावर गेला. हरीण काही मिळालं नाही. दुपारी परत आले तर दोघं ट्रकमध्येच बसून राहिली, इंजिन बंद करून. मी खिडकीतून हात केला तेव्हा कुठे उतरली. केझीचे डोळे लाल. वारा फार होता.

जेवताना रॉइसनं विचारलं, "ती स्वतः वाचते का गं काही?"

"रोज वह्या करते ती. दिसत नाहीत?"

"वह्या दिसतात. मी वाचण्याचं विचारतोय."

"तू तरी आयुष्यात कोणतं पुस्तक पुरं केलंस?" असं मी म्हणून गेले. केझी ताटातले नूडल्स एका बाजूला, कोंबडी एका बाजूला करत होती.

४ डिसेंबर

रॉइस म्हणाला, यापुढे दर शनिवारी केझीला क्लेटनच्या गोठ्यावर नेतो. क्लेटन त्याचा धाकटा भाऊ, मेंढ्या पाळतो. मेंढ्या वितील आता, तिला बघायला मिळेल. मला कल्पना आवडली. निसर्गाच्या वहीला विषय मिळेल, आणि मला मागे राहिलेली पानं पुरी करायला निवांत वेळ.

१५ जानेवारी

बर्फ गुडघाभर, तरी दोघं गेलीच. मी म्हटलं, "एक शनिवार चुकला तर मेंढ्या काही रुसणार नाहीत." केझीनं बूट आधीच चढवले होते. "नाही आई, जायलाच हवं," म्हणाली.

परत येते तेव्हा दमलेली असते, पण तोंड उजळलेलं. मी विचारते, कोकरू कसं आहे? ती म्हणते, "मोठं होतंय." एवढंच. परवा तिच्या बाह्या झटकल्या तर बारीक वाळू पडली. गोठ्यात वाळू कशाला घालतो क्लेटन, देव जाणे.

आज 'मेंढी' हे पान केलं. लोकर दाखवायला खरा कापूस चिकटवला. फार देखणं झालंय.

७ मार्च

आज लिहायलाच हवं. जनावरांच्या खाद्याच्या दुकानासमोर गाडी थांबवली होती. बाहेर पाटी होती. केझी मागून हळूच म्हणाली, "ताजा... मेपल पाक... आत विचारा."

मी वळून पाहिलं. "कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. लिहिलंय तिथे."

मी गाडीतच रडले. हे वह्यांचं फळ! सहा महिने रोज सुंदर अक्षर डोळ्यांसमोर ठेवलं, ते मुरणारच होतं आत. घरी येऊन रॉइसला सांगितलं. त्यानं केझीकडे पाहिलं, केझीनं त्याच्याकडे. "वा!" म्हणाला. एवढंच. ग्लेनाला फोन केला. ती म्हणाली, "तिला शाबासकी दे माझी." वाटलं होतं, आणखी काही तरी बोलेल.

१० एप्रिल

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

अग्निशमन दलाच्या सभागृहात आज सकाळी गावाचा नाश्ता होता. धिरड्यांच्या रांगेत माझ्या पुढे क्लेटन. म्हणाला, "काय वहिनी, पुतणीला पेटीत ठेवलंत की काय? ख्रिसमसनंतर मेंढ्यांनीसुद्धा तिचं तोंड पाहिलेलं नाही."

मला वाटलं चेष्टा करतोय. मी हसलेसुद्धा. मग त्याचा चेहरा पाहिला. त्याला कळलं की आपण बोलू नये ते बोललो. ताटली घेऊन तो घाईघाईनं दुसऱ्या टेबलाकडे गेला.

रॉइसला बाहेर, गाड्यांमध्ये उभं करून विचारलं. "शनिवारी कुठे नेतोस माझ्या मुलीला?"

तो टोपी काढून हातात फिरवत राहिला. "ग्लेनाकडे."

"कशाला?"

"वाचायला शिकायला."

केझी गाडीत बसली होती. काच बंद होती, पण ती आमच्याकडेच बघत होती.

तशीच ग्लेनाकडे गेले. स्वयंपाकघरात ती ओटा पुसत होती. मला पाहून फडकं खाली ठेवलं, म्हणजे काय झालं ते तिला कळलं. टेबलावर पत्र्याचा मोठा ट्रे, त्यात वाळू. त्यात बोटानं अक्षरं काढायची. खिडकीजवळच्या खुर्चीखाली केझीचे जाड लोकरी मोजे नीट जोडून ठेवलेले. ख्रिसमसनंतर हरवले म्हणून ते मी घरभर शोधले होते. शोधताना केझीही माझ्याबरोबर पलंगाखाली वाकून बघत होती.

"किती दिवस चाललंय?" मी विचारलं.

"डिसेंबरपासून. नोरीन, बस जरा."

"बसत नाही. माझ्या घरात येऊन माझी कॉफी पीत होतीस तू. फोनवर मी रडत होते आणि तू म्हणतेस शाबासकी दे!"

"खोटं नव्हतं ते. तिनं कमावलेली शाबासकी होती." ग्लेनाचा आवाज चढला नाही, त्याचाच मला जास्त राग आला. "तिला अक्षरं आपल्यासारखी दिसत नाहीत गं. हुशार आहे, पण वेगळ्या रीतीनं शिकवावं लागतं. मी तुला किती वेळा म्हटलं, तिला माझ्यासमोर वाचू दे. तू दर वेळी वही पुढे केलीस."

"वह्या करायला तूच शिकवलंस मला!"

"हो. तिच्या वह्या."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर पाठवलं असतंस तिला?"

"अर्थात पाठवलं असतं," मी म्हटलं. मला वाटतं, पाठवलं असतं. का नसतं पाठवलं?

ती म्हणाली, "जूनमध्ये मी आनंदानं सही करीन. पण तिनं माझ्यासमोर केलेल्या कामावर. या वह्यांवर नाही."

"तुझी सही तुझ्याकडेच ठेव," मी म्हटलं. मोजे उचलले आणि निघाले.

११ एप्रिल

रॉइस म्हणतो, हरणांच्या दिवशी ट्रकमध्ये केझीनं विचारलं, "बाबा, मी बिघडलेली आहे का?" तो म्हणतो, "यावर मी काय करायचं होतं?"

"घरी येऊन मला सांगायचं होतंस. बायको आहे मी तुझी."

"सांगायला आलो होतो. तू म्हणालीस, कोणतं पुस्तक पुरं केलंस."

असं एक वाक्य लक्षात ठेवून कोणी महिनोन्महिने खोटं बोलतं का? तेही पोरीला हाताशी धरून? नऊ वर्षांच्या मुलीला आईशी खोटं बोलायला शिकवलं या दोघांनी मिळून. मी म्हटलं, "मला सांगायचं नाही, हे कोणाच्या डोक्यातून निघालं? तुझ्या की ग्लेनाच्या?"

"ते तू केझीलाच विचार," तो म्हणाला.

नाही विचारणार. तिला यात ओढायचं नाही. ती लहान आहे. मोठ्यांनी सांगितलं तसं वागली.

मी शिवणाच्या खोलीत अंथरूण घातलंय.

१४ मे

शनिवार बंद झालेत. केझी विचारत नाही. मी वाचते, ती ऐकते, सांग म्हटलं की सांगते, पण दोनच वाक्यांत. मी म्हटलं, "पूर्वी किती छान सांगायचीस." ती म्हणाली, "तू लिही ना काहीतरी."

घरात आम्ही तिघं एकमेकांना मीठ द्या, दार लावा एवढंच बोलतो. बाजारात ग्लेना दिसली. मी कणकेच्या पिशव्यांकडे वळले आणि ती जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

दुसरी तपासनीस शोधली. डोंगरापलीकडच्या गावातल्या स्ट्रेअरबाई. त्या फारसं ताणत नाहीत, काम व्यवस्थित असलं की सही करतात, असं ऐकलंय. काम तर व्यवस्थित आहेच. चारी वह्या पुन्हा पहिल्यापासून तपासल्या, कडा नीट कापल्या, रिबिनी लावल्या. खोऱ्यात कोणाच्या वह्या अशा नसतील. ग्लेनाच्या सहीशिवायही आम्ही उभ्या राहू शकतो, हे तिला कळू दे.

१४ जून

स्ट्रेअरबाईंकडे जाऊन आलो. झालं ते झालं तसं लिहिते.

त्या वयस्कर आहेत, जाड भिंगांचा चष्मा. व्हरांड्यात बसवलं, लिंबूपाणी दिलं. वह्या हातात घेतल्या आणि एकेक पान उलटताना "अहाहा" म्हणत राहिल्या. माझा जीव भांड्यात पडला. चौथी वही मिटून त्यांनी केझीला विचारलं, "यातलं तुझं सगळ्यात आवडतं पान कोणतं, बाळ?"

केझीनं हात मांडीखाली घेतले. "यात माझं पानच नाही," म्हणाली.

"म्हणजे?"

"सगळी आईनं केलीत. ती खूप छान करते."

तक्रार करावी तसं नाही म्हणाली ती. बाहेर ऊन आहे म्हणावं तसं म्हणाली. मी काहीतरी बोलायला गेले. सुरुवातीला मदत, गिरवणं, असं काहीतरी. स्ट्रेअरबाईंनी माझ्याकडे पाहिलंच नाही. फडताळातून एक पुस्तक काढून केझीपुढे उघडं ठेवलं. "यातलं थोडं वाचतेस?"

मला उठून पुस्तक मिटावंसं वाटलं. कासव, कासव, एवढंच डोक्यात येत होतं.

केझीनं बोट ओळीखाली ठेवलं आणि वाचलं. एका घोड्याबद्दल होतं. सावकाश, अडखळत, एका शब्दावर फार वेळ थांबून. तिथे तिनं दुसऱ्या हाताच्या बोटानं गुडघ्यावर ते अक्षर काढलं, मग तो शब्द म्हणाली. पान संपलं तेव्हा कपाळावर घाम होता. "उलटू का?" तिनं विचारलं.

"पुरे, बाळ. फार कष्टानं शिकली आहेस," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "गेल्या वर्षी कुठवर वाचत होती?"

मला माहीत नव्हतं. केझीच म्हणाली, "गेल्या वर्षी नव्हतं येत."

बाईंनी कागद लिहिला, सही केली, माझ्या हातात दिला. वर्षभरात प्रगती आहे. वह्या त्यांनी एकावर एक रचून माझ्या बाजूला सरकवल्या, पुन्हा हात लावला नाही. म्हणजे मला हवी होती ती सही मिळाली, आणि मिळाली ती ग्लेनाच्या कामावर. माझ्या पाठीमागे केलेल्या कामावर. माझ्या सगळ्या वर्षाचं त्या कागदात एक अक्षर नाही.

घाट उतरताना गाडी बाजूला घेतली. म्हटलं, "केझी, एक विचारते. खरं सांग, मी रागावणार नाही. ग्लेनाकडे जायचं आणि आईला सांगायचं नाही, हे कोणी ठरवलं? बाबांनी?"

"नाही."

"ग्लेनानं?"

"नाही. ती दर वेळी म्हणायची, आईला सांगू या. मीच नको म्हटलं. बाबांकडून वचन घेतलं."

"तू?" मी तिच्याकडे वळले. "मी रागावले असते म्हणून?"

ती खिडकीतून बाहेर बघत होती. ट्रक गेला की गाडी हलत होती. "नाही," म्हणाली. "तू तेपण छान करून टाकलं असतंस."

मी गाडी सुरू केली. तिला काय म्हणायचं होतं ते मी तेव्हापासून शोधते आहे. छान केलं असतंच मी. ग्लेनापेक्षा नक्कीच छान. यात आईपासून लपवण्यासारखं काय होतं?

१८ जून, शनिवार

नाश्त्याला केझी म्हणाली, "आई, आम्ही ग्लेनाकडे जातोय."

रॉइस दारात किल्ल्या घेऊन उभा होता. दोघं माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी कपाटातून तिचे जाड मोजे काढून दिले. ती म्हणाली, "आता नको, आता उन्हाळा आहे," आणि गेली.

गाडी वळणाआड गेली तरी मी दारात उभी होते. आज पहिल्यांदा सांगून गेली. सांगून गेली म्हणजे कमी लागेल, असं मला वाटत होतं.